सातवी उंदरीण

९ फेब्रुवारी

ठमे,

पोतं मिळालं की आधी पानं मोकळी कर, मग हे वाच. नाहीतर ती कुबट होतील आणि खापर माझ्यावर फुटेल. तू सांगितलंस तशीच सावलीत वाळवली आहेत. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुझ्या आतोबांनी, गच्चीवर पत्र्याखाली चादर अंथरली, चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, अहो, पानं आहेत, पळून नाही जाणार. तर म्हणे, वारा आहे. बसडेपोतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुरुस्त करायला काही सापडत नव्हतं. आता मी सापडले आहे.

वेल तीच, मागच्या भिंतीवरची, जिच्यावर चढायला जाऊन तू गुडघे फोडून घ्यायचीस. कुणाची छाती धडधडली की माझी आई तिच्या पानांचा काढा द्यायची. माणूस काढ्याने शांत व्हायचा की आईच्या धाकाने, ते तू शोधून काढ. तेवढ्यासाठीच तर तुला तुझ्या आईमागे वाढवलं, शिकवलं.

आता बातमी. काल ती छातीवर गार जेली लावून करतात ती तपासणी झाली. माझं हृदय दमलंय म्हणाले. गाठीवरच्या लाल औषधाच्या सहापैकी तीन बाटल्या झाल्या होत्या, उरलेल्या तीन थांबवल्या. डॉक्टर भला माणूस आहे, पण वाईट सांगायचं असलं की टेबलावरच्या पेनाचं टोपण काढघाल करतो. म्हणाला, "बाई, गाठ या औषधाला दाद देतेय, हृदय देत नाही." मी विचारलं, मग? तर म्हणाला, हृदय सावरलं तर उरलेल्या बाटल्या देऊ. नाही सावरलं तर दुसरं औषध आहे, पण तुमच्या गाठीवर त्याचा फारसा भरवसा नाही. जन्मभर पोरांच्या गणिताच्या वह्यांवर लाल शाई ओतली, आता तीच माझ्या शिरेत सोडताहेत, आणि ती सुद्धा पुरती सोसवेना.

फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझा फुटतो, तो ऐकून हे खोलीबाहेर जातात, आणि मग दोघांची समजूत काढायला मलाच उठावं लागतं. शिवाय फोनवर मला काही लपवता येत नाही, हे तुला दुसरीत असल्यापासून ठाऊक आहे. पत्रात मी जरा नीटनेटकी असते. तेव्हा पत्रच.

तुझी,
आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पोतं पोचलं. एकही पान कुबट नाही, आतोबांना सांग.

तुझं पत्र मी प्राण्यांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं. 'दमलंय' पाशी थांबले आणि परत पहिल्यापासून वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचताना तिथे वेगळं काही लिहिलेलं असणार होतं. मग तशीच मॅडमकडे गेले. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. हृदय वाचवणाऱ्या वनस्पती शोधणं हे आमचं रोजचंच काम, पण दहा वनस्पती आधीच रांगेत होत्या. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आत्याची वेल म्हणून ती पुढे घेता येणार नाही." मी तिथेच उभी राहिले. मी नुसती उभी राहिले की लोकांना काय होतं ते तुला माहीत आहे. शेवटी म्हणाल्या, "बरं, घे. पण आत्याला दाराबाहेर ठेवायचं. ती आत आली की प्रयोग नासला." म्हणून तुझ्या वेलीला इथे नाव नाही. तिला अकरा नंबर म्हणतात.

काय करतोय ते सांगून टाकते, नाहीतर प्रश्न विचारून हैराण करशील. पानं दळून मद्यार्कात भिजवली, गाळली, आटवली. खाली डांबरासारखा काळा चिकट लगदा उरतो, तो अर्क. पांढऱ्या उंदरांचे चार गट केलेत, सगळ्या माद्या, प्रत्येक गटात सहा. पहिल्या गटाला काहीच नाही. दुसऱ्याला तुझं लाल औषध. तिसऱ्याला लाल औषध आणि सोबत अर्क. चौथा गट मी भांडून मिळवला: लाल औषध आणि आजी करायची तसा साधा काढा, पाण्यात उकळलेला. शेवटी त्यांच्या हृदयाचे पातळ काप काचेवर घ्यायचे. ते बघणारे सर वेगळे. कुठली काच कुठल्या गटाची हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणजे त्यांना आमची दया यायला नको.

आता कान देऊन ऐक. तू काढा घ्यायचा नाहीस. आजीच्या पेशंटांना धडधड होती, गाठ नव्हती, आणि शिरेतून लाल औषधही जात नव्हतं. ही वेल त्या औषधाशी काय करते ते कुणालाच माहीत नाही. मला वचन दे.

तुझी,
ठमी


२ मार्च

ठमे,

वचन काय मागतेस? मी काय दुसरीतली पोर आहे?

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. चार गट ऐकून म्हणाले, "बिचाऱ्या दुसऱ्या गटाच्या." मलाही तेच वाटलं होतं, कारण सध्या मी त्या दुसऱ्या गटातच बसले आहे.

खरं सांगू का, जिना चढवत नाही. मधल्या पायरीवर थांबते आणि खिडकीतून बाहेर काहीतरी फार बघण्यासारखं आहे असा आव आणते. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई विचारतात, काय बघताय? मी म्हणते, कावळे. परवा बादली उचलली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ह्यांनी बादली हातातून घेतली, चहाचं भांडंही घेतलं, आता स्वयंपाकघरात मला फक्त बघायची परवानगी आहे. चहा करताना पाणी मापाने घेतात आणि गाळण्याआधी चमचाभर चाखतात. म्हणतात, चाखल्याशिवाय कुणाला काही द्यायचं नाही. गाडीही डेपोबाहेर जाण्याआधी चालवून बघायचे ना, तसं.

तुझा हिशेब मला पटला नाही. गटात सहा म्हणजे फारच कमी झाले गं. एखादी जन्मतःच दणकट निघाली तर सगळी सरासरी वर. मी वर्गात असं उदाहरण घातलं असतं तर पहिल्या बाकावरच्या पोरांनी सुद्धा आक्षेप घेतला असता. तेव्हा चौथ्या गटात मला सातवी उंदरीण म्हणून घे. खाण्यापिण्याचे नखरे नाहीत, पिंजरा माझा मी झाडते, शेपूट मात्र नाही.

रागावू नकोस. घाबरले की मी असं बोलते, तुला माहीत आहे.

आत्या


११ एप्रिल

आत्या! आत्या! आत्या!

हृदय वाचलं! काच बघणाऱ्या सरांचं सगळं बघून झालं आणि आज मॅडमनी कुठली काच कुठल्या गटाची त्या चिठ्ठ्या उघडल्या. फक्त लाल औषधवाल्या सहाजणींची हृदयं म्हणजे कसर लागलेलं स्वेटर, धागे विस्कटलेले, मध्ये भोकं. आणि अर्कवाल्यांची? जवळजवळ धडधाकट! सरांना वाटलं, त्यांना औषध द्यायलाच आम्ही विसरलो.

आणखी ऐक. चौथा गट, आजीचा काढा, तो अर्काच्या अगदी बरोबरीने! नुसत्या पाण्यात उकळलेली पानं! मॅडमचा विश्वास बसेना, त्यांनी काचा परत बघायला लावल्या. तरी तेच. मी प्राण्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. उंदीर बघत होते.

पण थांब. नाचू नकोस, जिना तर मुळीच चढू नकोस. या उंदरिणींना गाठ नव्हती. आता गाठ असलेल्या माद्यांवर हाच सगळा खटाटोप परत करायचा आहे. मॅडम म्हणाल्या, "जे हृदयाला वाचवतं, ते आणखी कुणाकुणाला वाचवतं ते बघायला नको?" मला नाही वाटत त्यात काही वावगं निघेल. पण नियम तो नियम. दोनेक महिने लागतील. तोवर काढ्याचं नाव नाही. ऐकशील ना गं? माझ्यासाठी?

तुझी,
ठमी


२८ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र मी ह्यांना तीन वेळा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी ते पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणत होते.

आता माझी बातमी. हृदय सावरतंय. काल परत ती गार जेली झाली आणि डॉक्टरांनी पेनाला हातही लावला नाही. म्हणाले, विश्रांतीने होतं असं कधीकधी, तुम्ही चांगली विश्रांती घेतलेली दिसते. मी मान डोलावली. लाल औषध येत्या सोमवारपासून परत सुरू. असं शिरेत घालून घ्यायला कुणी आनंदाने जातं का? मी जातेय. शिवणवाल्या बाईंनी माझे सगळे कपडे आतून आवळून दिले, त्या म्हणाल्या, नवरीसारख्या निघालात.

तू सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात आहे. तू आपली काळजी करत बसू नकोस. सुट्टी काढून यायचंही कारण नाही, तुझ्या गाठवाल्या पोरींना तिथे कोण बघणार? ह्यांची तब्येत छान आहे. सकाळी उजाडायच्या आत उठतात आणि स्वयंपाकघरात भांड्यांशी खुडबुड करत बसतात. माणसाला काम मिळालं की कसं तरतरीत होतं.

आत्या


६ मे

प्रिय आत्या,

विश्रांतीने का होईना, सावरलं! मी मॅडमना सांगितलं, तर त्या चक्क हसल्या. त्या वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं एक तू खर्च केलंस.

गाठवाल्या उंदरिणींना औषध सुरू झालं. रोज सकाळी मी एकेकीला हातात धरते, मोजणारा वेगळा, तो गाठीची लांबीरुंदी मला न दाखवता लिहून ठेवतो, मग मी नळीने पोटात अर्क किंवा काढा सोडते. एक आहे ती मोजून घेताना माझं बोट दोन्ही पायांनी धरून ठेवते. काढ्याच्या गटातली आहे. तिच्याकडे बघितलं की मला तुझी आठवण येते. हे मॅडमना सांगितलेलं नाही, तू दाराबाहेर असायला हवीस ना.

दुसरी बाटली कशी गेली ते कळव.

ठमी


३० मे

ठमे,

दोन बाटल्या गेल्या, एक राहिली. हृदय उत्तम. केस उरले होते तेवढेही गेले, ह्यांनी आपल्या जुन्या डेपोच्या टोपीवर माझा हक्क मान्य केला आहे. जिना मी आता न थांबता चढते. कावळ्यांना चुकल्यासारखं वाटत असेल.

गाठ बोटांना थोडी मोठी लागते. पण बोटांना काय कळतं, सारखं चाचपलं की कुठलीही गोष्ट मोठी लागते. डॉक्टर म्हणाले, शेवटच्या बाटलीनंतर फोटो काढू, तेव्हा बघू.

तुझ्या त्या बोट धरणाऱ्या पोरीचं काय झालं? तिची गाठ उतरतेय का?

आत्या


१७ जून

प्रिय आत्या,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं, पण तू विचारलंस, आणि तुला खोटं सांगितलं तर मला झोप लागणार नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. हृदयं परत वाचली, अगदी मागच्यासारखीच. पण गाठी. नुसत्या लाल औषधवाल्या सहाजणींच्या गाठी आटत गेल्या, दोघींच्या तर शोधाव्या लागल्या. अर्कवाल्यांच्या आटल्या नाहीत. काढावाल्यांच्याही नाही. काहींच्या वाढल्या. माझं बोट धरणारी त्यातच होती, परवा गेली.

मॅडमनी विचारलं होतं ना, आणखी कुणाकुणाला वाचवतं? ते गाठीलाही वाचवतं, आत्या. लाल औषध ज्या आगीने गाठ जाळतं त्याच आगीची झळ हृदयाला लागते, आणि ही वेल ती आगच विझवते. तिला आपलं कोण आणि परकं कोण ते कळत नाही. एप्रिलमध्ये मी दार लावून आनंदाने रडले होते. आज त्याच खोलीत बसले, आणि मला माझीच लाज वाटली.

काल मनात एकच गोष्ट येत होती. मी तुला ठाम सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस. ऐकलं नसतंस तर? बरं झालं गं तू ऐकलंस. खरंच बरं झालं. तेवढं एक माझ्या हातून नीट झालं.

मॅडम म्हणतात, जसं आहे तसं लिही, छापून येऊ दे, म्हणजे दुसरं कुणी कुणाला देणार नाही. मला लिहवत नाहीये.

तुझी,
ठमी


२५ जून

ठमे,

तुझं पत्र आलं. ह्यांना वाचून दाखवलं नाही, म्हटलं हिशेबाचं आहे, तुम्हाला कंटाळा येईल.

पहिली गोष्ट. लिही. एक आकडा इकडचा तिकडे करू नकोस. उत्तर आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही, हे मी तुला पाटीवर शिकवलंय. तुझ्या त्या छापलेल्या पानांमुळे उद्या एखादी बाई भलतंच काही प्यायची थांबेल, तर तुला शिकवल्याचं सगळं वसूल झालं.

दुसरी गोष्ट. हो, मी तुझं ऐकलं. तेव्हा तू जेवत जा, झोपत जा, आणि लाज वगैरे काही वाटून घ्यायची नाही. तू मला नाही म्हणालीस, दोनदा म्हणालीस, स्पष्ट म्हणालीस. हे नीट लक्षात ठेव, कुठल्याही परिस्थितीत.

तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. यातलं ह्यांना कधीही काही सांगू नकोस. फोनवर नाही, पत्रात नाही, मी असताना नाही, नसतानाही नाही. त्यांना उंदरांचं ऐकवत नाही. एवढं माझं ऐक, मी तुझं ऐकलं तसं.

पुढच्या आठवड्यात फोटो आहे. मला भीती वाटते, ठमे. आजवर विनोद करून ढकलली, आज जमत नाहीये. ही वेल मला फार आवडायची. तुझ्या गुडघ्यांचं रक्त तिच्या पानांना लागलेलं असायचं आणि मी ओरडायची.

आत्या


९ जुलै

आत्या,

आतोबांचा फोन आला. फोटोचं कळलं. ते 'वाढली' एवढंच म्हणाले आणि मग आमचा दोघांचाही आवाज चालेना. तू म्हणालीस ते बरोबर आहे, या घरात फोन कामाचा नाही.

मला कळत नाही. लाल औषध पुरतं गेलं, तीनाच्या पुढे तीन. आधी दाद देत होती ती गाठ आता का देत नाही? डॉक्टर काय म्हणतात? 'होतं असं कधीकधी' असंच म्हणाले असतील.

शनिवारी येते आहे. कारणं सांगू नकोस, मी ऐकणार नाही. उंदीर बघायला दुसरं माणूस आहे.

ठमी


४ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, आपल्या घरातलं ते खातं तिचं होतं. ती जाऊन महिना झाला. तू शेवटी इथे होतीस, तुझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, याचं मला समाधान आहे. त्या दिवसांत एक गोष्ट बोलायची होती, पण धीर झाला नाही. तू परत गेल्यावर आता लिहितो.

एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं, पाण्यात उकळलेल्या काढ्यानेही गुण येतो म्हणून. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, उद्यापासून करा. मी म्हटलं, पोरगी नको म्हणतेय. तर म्हणाली, तिला नियम आहेत, आपल्याला कुठे आहेत? तुला सांगायचं नाही असं बजावलं. बरी झाले की मीच सांगेन आणि तिची चांगली जिरवेन, म्हणायची. मी रोज उजाडायच्या आत पानं तोडायचो, मापाने पाणी, निम्मं आटवायचं, चमचाभर चाखायचं आणि मग तिला. पेला तोंडाला लावताना हसायची, मी आता सातवी उंदरीण, म्हणायची. मला तो विनोद कळला नाही, तुला कळेल.

गुण आला, बघ. हृदय सावरलं. डॉक्टरांना वाटलं विश्रांती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसलो. मला इतका अभिमान वाटला, की आपल्या हाताने काहीतरी चालू झालं.

पुढे जूनच्या शेवटी एक दिवस तिने पेला बाजूला ठेवला. कडू लागतो म्हणाली. मी चाखलेला होता, रोजच्यासारखाच होता. मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा म्हणाली, बरं, घेते, तुम्ही जा. नंतर बेसिनमध्ये पाहिलं तर काळे ओघळ. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एवढं सोसतेय, आणखी कशाला छळायचं. आणि काढा करायचा सोडला. त्यानंतर लगेच फोटोत गाठ वाढलेली निघाली.

तेच डोक्यातून जात नाही. मी हात आखडला आणि गाठ वाढली. रेटून पाजला असता तर वाचली असती का? तू या विषयातली आहेस, मला खरं काय ते सांग. डॉक्टर शेवटी म्हणाले, बाईंचं हृदय मात्र ठणठणीत होतं. मग बाकीचं का नाही?

आणखी एक. खालच्या शिवणवाल्या बाईंनाही तेच दुखणं निघालं. लाल औषध सुरू होतंय. त्या काल काढा मागायला आल्या होत्या. मी गच्चीवर पानं वाळत घातली आहेत. त्यांना करून देऊ का? निदान त्यांच्या बाबतीत तरी कसूर होऊ देणार नाही.

तुझे,
आतोबा


१० ऑक्टोबर

प्रिय आतोबा,

तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी कामावर गेले नाही. उत्तराला उशीर झाला, माफ करा. किती कागद फाडले ते सांगत नाही.

काढा बंद केल्यामुळे आत्या गेली नाही. हे मी तुम्हाला अगदी छातीवर हात ठेवून सांगते, इतक्या खात्रीने मी आजवर कुणाला काहीच सांगितलेलं नाही. रेटून पाजला असता तरी ती वाचली नसती. तुम्ही आवाज चढवून नंतर गप्प बसलात, ते बरोबर केलंत. तिने थांबवला, तेही बरोबर केलं.

तिचं हृदय सावरलं ते तुमच्या हातच्या काढ्याने. डॉक्टरांना काही का वाटेना. तो काढा हृदयाला काय करतो ते मी काचेखाली माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. ती शेवटपर्यंत जिना चढली, माझ्याशी भांडली, तुमची टोपी घालून बसली, ते त्या हृदयावरच.

शिवणवाल्या बाईंना मात्र काढा देऊ नका. एक पान सुद्धा नाही. त्या कितीही मागू देत, रडू देत. त्यांना म्हणावं, ठमीने सक्त मनाई केली आहे, आणि माझी चिठ्ठी सोबत आहे ती त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना दाखवावी. चिठ्ठी पाकीटबंद आहे, तशीच द्या. गच्चीवरची पानं सगळी मला पाठवून द्या, घरात ठेवू नका.

का, ते विचारू नका, आतोबा. मी पाया पडते तुमच्या.

मला तिची फार आठवण येते. पत्र आलं की पाकिटावर तिचं अक्षर शोधते.

तुमची,
ठमी


१९ ऑक्टोबर

ठमे,

पानं पाठवली आहेत. सगळी. पोतं मिळालं की आधी मोकळी कर, असं ती लिहायची, म्हणून मीही लिहितो.

शिवणवाल्या बाईंना दिली नाहीत. चिठ्ठी न उघडता दिली. त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या, तुझे आभार सांगितले आहेत. त्यांना काय कळलं ते मी विचारलं नाही, आणि तुलाही विचारत नाही. मी जन्मभर गाड्या खोलल्या. एखादा भाग परत लावू नका म्हणून कुणी इतकं विनवलं, तर मागची गाडी कशाने बंद पडली ते कळतं.

वेल काल मुळापासून काढली. भिंत उघडी दिसते, होईल सवय.

तू तिला नको म्हणाली होतीस. ते मला माहीत आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि मी माझ्या मनाला लावून घेऊ नये, याची व्यवस्था तिने करूनच ठेवली होती. काढा कडू नव्हता गं. मी रोज चाखूनच द्यायचो.

सुट्टी मिळाली की ये. फोन मात्र नको.

आतोबा